मोटारीतला गॅस ‘संपतो’ म्हणजे काय होते?

मे महिन्यात मोटारी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या गॅरेजपाशी घटकाभर उभे राहा. एक वाक्य हटकून कानांवर पडेल : “एसी थंड करत नाही. गॅस संपलाय, भरून घ्या.” गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात, मोटार पुन्हा गार होते. पण पुष्कळदा असे होते की पुढचा उन्हाळा उजाडायच्या आतच तीच मोटार तीच तक्रार घेऊन त्याच दारात उभी राहते.

विद्यार्थी मित्रहो, वरच्या वाक्यातला ‘संपलाय’ हा शब्द आज आपल्याला तपासून पाहायचा आहे. शब्द साधाच आहे. पण त्याच्यापायी पैसे वाया जातात, चांगले कॉम्प्रेसर निकामी होतात आणि नको तो वायू हवेत मिसळतो.

स्वयंपाकघरातला गॅस संपतो, कारण तो जळतो. जळून त्याची पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड होतो. माठातले पाणी कोणी न पिताही कमी होते, कारण माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून सिलिंडर बदलावा लागतो आणि माठ रोज भरावा लागतो. मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातला गॅस मात्र जळत नाही आणि हवेत उडूनही जात नाही. तो बंद नळ्यांच्या आत एकसारखा फिरत असतो. मग तो संपेल कसा?

गारवा येतो कोठून?

हातावर थोडे स्पिरिट घेऊन फुंकर घाला. तेवढी जागा थंडगार लागते. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो आपल्या त्वचेकडून घेतो. ही उष्णता घेऊनही त्याचे तापमान वाढत नाही. म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. उलट, वाफेचा पुन्हा द्रव झाला की हीच उष्णता बाहेर पडते. माठ, घरातला फ्रीज आणि मोटारीचा एसी या तिघांचे मूळ तत्त्व हेच आहे.

आज आपल्याकडच्या असंख्य मोटारींत जो गॅस असतो त्याचे नाव आर-१३४ए. उघड्या हवेत त्याचा उत्कलनबिंदू उणे २६ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्या खोलीत तो भांड्यात ओतला, तर चुलीवाचूनच खळखळा उकळू लागेल. पण दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो, हे तुम्हाला प्रेशर कुकरमुळे ठाऊक आहे. कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. आर-१३४ए चेही तसेच आहे. वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाबाखाली तो ० अंशावर उकळतो आणि सुमारे पंधरापट दाबाखाली ५५ अंशांवर.

सारी युक्ती या दोन आकड्यांत आहे. मोटारीच्या आतल्या बाजूला, डॅशबोर्डच्या मागे, नळ्यांचे एक वेटोळे असते. मेकॅनिक त्याला कूलिंग कॉइल म्हणतात. तिथे दाब कमी ठेवला जातो. द्रवरूप गॅस तिथे ० अंशाच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या अंगावर येणाऱ्या हवेतून शोषून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबून पंधरापट दाबावर नेतो. ही तापलेली वाफ मोटारीच्या अगदी पुढे, जाळीमागे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. बाहेरची हवा ४० अंशांची असली तरी ५५ अंशांच्या वाफेपेक्षा ती थंडच. म्हणून उष्णता वाफेतून हवेत जाते आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि नवा फेरा सुरू होतो.

आता थोडा हिशेब करू या. लहान मोटारीचा एसी दर सेकंदाला ३,००० जूल उष्णता बाहेर फेकतो असे धरा. ० अंशावर आर-१३४ए ची अप्रकट उष्णता दर ग्रॅमला सुमारे २०० जूल असते. पण व्हॉल्व्हमधून येताना द्रवाचा काही भाग स्वतःला थंड करण्यातच वाफ होऊन जातो. म्हणून कामाचे सुमारे १३० जूलच उरतात. ३,००० ला १३० ने भागले म्हणजे सेकंदाला सुमारे २३ ग्रॅम गॅस फिरला पाहिजे. लहान मोटारीत एकूण गॅस अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असतो. तो ४६० ग्रॅम धरला, तर सगळा गॅस दर २० सेकंदांत एक फेरा पुरा करतो. तासाभराच्या प्रवासात १८० फेरे! इतके फेरे मारून त्यातला एक ग्रॅमही खर्ची पडत नाही. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच : तो कोठून तरी बाहेर पडला आहे. तो संपलेला नाही, गळलेला आहे.

फ्रीज गळत नाही, मोटार का गळते?

कोणी म्हणेल, घरातला फ्रीज वीस-वीस वर्षे चालतो, त्यात कोणी गॅस भरत नाही. मग मोटारीचेच हे काय? प्रश्न चांगला आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर आणि त्याची विजेची मोटर एकाच पोलादी कवचात कायमची बंद केलेली असतात. कवचातून बाहेर येतात त्या फक्त विजेच्या तारा आणि नळ्या. सर्व सांधे जोडकाम करून पक्के केलेले असतात. शिवाय फ्रीज एका जागी स्वस्थ उभा असतो.

सर्वसाधारण मोटारीत मात्र कॉम्प्रेसर इंजिनावर बसवलेला असतो आणि इंजिन पट्ट्याने त्याला फिरवते. म्हणजे फिरता दांडा कॉम्प्रेसरच्या कवचातून बाहेर आलाच पाहिजे. दांडा फिरावा, पण त्याच्या बाजूने गॅस निसटू नये, यासाठी तिथे सील बसवतात. ही सील झिजते. इंजिन सतत थरथरते, म्हणून काही नळ्या लवचिक रबरी ठेवाव्या लागतात. रबरातूनही गॅस अगदी सावकाश पाझरतो. नळ्यांच्या सांध्यांत ओ-रिंग असतात, त्या उष्णतेने कडक होतात. कंडेन्सर सर्वांत पुढे, त्यामुळे रस्त्यावरचे खडे त्याला आधी लागतात. गॅस भरण्याच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबला असतो तसा छोटा व्हॉल्व्ह असतो, तोही कधी नीट बसत नाही.

म्हणून बऱ्याच वर्षांनी थंडावा थोडा कमी झाला तर ते समजण्यासारखे आहे. पण दोन महिन्यांत गॅस गेला, तर कोठे तरी भोक आहे हे नक्की. ते न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय.

आणि हेही लक्षात ठेवा, की गारवा कमी होण्याचे कारण दर वेळी गॅसच असते असे नाही. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल व धूळ बसलेली असते, त्याचा पंखा बंद पडलेला असतो, आतल्या हवेचा फिल्टर तुंबलेला असतो किंवा कॉम्प्रेसरचा पट्टा घसरत असतो. चांगला कारागीर आधी हे पाहतो.

काट्याला विचारा, दाबमापकाला नव्हे

गॅस किती उरला आहे हे कसे कळावे? पुष्कळ ठिकाणी दाबमापक लावतात आणि ‘इतके पौंड दाब आहे’ असे सांगतात. इथे भौतिकीतला एक सुंदर नियम आडवा येतो.

बंद भांड्यात द्रव आणि त्याची वाफ एकत्र असतील, तर वाफेचा दाब फक्त तापमानावर अवलंबून असतो. द्रव किती आहे यावर नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरकडे पाहा. भरलेल्या आणि पाव भरलेल्या सिलिंडरची ज्योत जवळजवळ सारखीच असते. आतला द्रव संपेपर्यंत दाब फारसा उतरत नाही आणि मग ज्योत एकाएकी मंदावते. म्हणून सिलिंडर घेताना दाब पाहत नाहीत, वजन करून घेतात.

मोटारीतही तेच. ३० अंश तापमानाला इंजिन बंद असताना आर-१३४ए चा दाबमापक दर चौरस इंचाला सुमारे ९७ पौंड दाखवील. आत ४५० ग्रॅम गॅस असला तरी ९७ आणि २०० ग्रॅम असला तरी ९७! इंजिन चालू असतानाचे दोन्ही बाजूंचे दाब उपयोगाचे असतात. त्यांवरून बिघाडाचा अंदाज येतो. पण बाहेरचे तापमान, पंख्याचा वेग, इंजिनाचा वेग यांप्रमाणे ते बदलतात. गॅस किती, याचे खात्रीचे उत्तर वजनकाटाच देतो. बहुतेक मोटारींच्या बॉनेटखाली एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे तिच्यावर लिहिलेले असते. योग्य यंत्राने आतला गॅस टाकीत ओढून घेऊन त्याचे वजन केले आणि चिठ्ठीवरच्या आकड्यातून ते वजा केले, म्हणजे किती गॅस गळला हे कळते. ओढून घेतलेला गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो.

गळती कशी शोधतात?

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरत असते. त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे बहुधा तेलाचा ओशट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. चाणाक्ष मेकॅनिक आधी असे डाग शोधतो. मग साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतो. गॅसचा माग काढणारे इलेक्ट्रॉनिक उपकरणही मिळते. तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली तपासणे, ही आणखी एक रीत.

यंत्र रिकामे असेल तर आत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून तपासतात. नायट्रोजनच का? तो कशाशी सहजी संयोग पावत नाही आणि त्यात बाष्प नसते. ऑक्सिजन मात्र चुकूनही वापरायचा नसतो. दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

पाणी उकळवून काढायचे, पण विस्तवाशिवाय

सांधा दुरुस्त झाला. आता लगेच गॅस भरावा काय? नाही. नळ्या उघडल्या तेव्हा आत हवा शिरली आहे आणि हवेबरोबर बाष्पही.

हवेचा उपद्रव असा, की कंडेन्सरमधल्या दाबाला तिचा द्रव होत नाही. ती तिथे जागा अडवून बसते आणि आपला दाब गॅसच्या दाबात मिळवते. कॉम्प्रेसरला विनाकारण जास्त कष्ट पडतात. पाण्याचा उपद्रव दुहेरी आहे. एक तर ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी गोठून वाट बंद करते. असा एसी थोडा वेळ गार करतो, मग थांबतो. बंद ठेवून बर्फ वितळला की पुन्हा चालू लागतो. दुसरे म्हणजे पाण्यामुळे आत आम्ले तयार होऊन धातू आतून खाल्ला जातो.

नळ्यांच्या आत चिकटलेले पाणी पुसून काढता येत नाही. ते उकळवून काढतात, तेही विस्तवाशिवाय. ३० अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका असतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर. तेव्हा नळ्यांतला दाब ३२ मिलिमीटरच्या खाली नेला, की पाणी ३० अंशांवरच उकळू लागते आणि वाफ होऊन पंपावाटे बाहेर जाते. म्हणून गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवतात. घाई उपयोगी नाही. कारण उकळताना पाणी स्वतःच गार होत जाते आणि त्याच्या वाफेचा दाब उतरतो.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. औषधाच्या दुकानातून नवी, बिनसुईची सिरिंज आणा. आधी उकळून घेतलेले पाणी, हात भाजणार नाही इतपत पण चांगले गरम असताना, तिच्यात थोडेसे ओढा. आतली हवा काढून टाका, टोक बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. गरम पाणी तुमच्या डोळ्यांदेखत उकळू लागेल. दट्ट्या सोडा, उकळणे थांबेल.

पंप बंद केल्यावर काही वेळ निर्वात टिकते का, हेही पाहतात. ते टिकले नाही तर गळती आहे हे नक्की. पण टिकले म्हणजे गळती नाही, असे म्हणता येत नाही. विचार करा : निर्वात असताना नळीच्या भिंतीवर फक्त एक वातावरण दाब, तोही बाहेरून आत पडतो. एसी चालू असताना आतून बाहेर पडणारा दाब चौदा वातावरणांइतका असतो. एक वातावरण सोसणारी फट चौदा सोसेलच असे नाही. म्हणूनच नायट्रोजनची परीक्षा अधिक भरवशाची.

यानंतर गॅस भरायचा तो काट्यावर तोलून. गॅस कमी पडला तर त्याच्याबरोबर फिरणारे तेलही कॉम्प्रेसरकडे पुरेसे परतत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. जास्त भरला तर अधिक गार होईल, हाही भ्रमच. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, वाफेला उष्णता टाकायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. त्यातून द्रवच कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर अनर्थ. वाफ दाबता येते, द्रव दाबला जात नाही.

गळलेला गॅस जातो कोठे?

मोटारीतून निसटलेला गॅस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची कोणाला खंत वाटत नाही. पण त्याचा इतिहास शिकण्यासारखा आहे.

पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डाय-ऑक्साइड असे विषारी वायू वापरीत. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी, न पेटणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन संयुगे शोधून काढली. त्यांपैकी आर-१२ हा पुढे मोटारींचा गॅस झाला. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले, की ही संयुगे वर स्थितांबरात जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले भगदाड जाहीर झाले आणि १९८७ साली माँट्रियल येथे जगातील देशांनी करार केला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुटझेन यांना मिळाले.

आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही. ओझोनला त्याचा धोका नाही. पण तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलोग्रॅम सुमारे १,४३० किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइडइतका परिणाम करतो. आपल्या ४५० ग्रॅमचे गणित करा : सुमारे ६४० किलोग्रॅम. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणजे एका मोटारीतला गॅस हवेत सोडणे हे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले. लिटरला १५ किलोमीटर धरले तर हा ४,२०० किलोमीटरांचा प्रवास. मुंबई-नागपूर अंतर सुमारे ८०० किलोमीटर धरा. पाचांहून अधिक खेपा!

म्हणूनच २०१६ साली रवांडातील किगाली येथे असे वायू कमी करत जाण्याचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली. आर-१२३४वायएफ हा नवा गॅस आता मोटारींत येत आहे. त्याचा उष्णता अडवण्याचा परिणाम फारच थोडा. मात्र तो काही प्रमाणात पेटू शकतो, म्हणून त्याची यंत्रे आणि जोडण्या वेगळ्या असतात. एकाच्या जागी दुसरा भरायचा नसतो. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वालाग्राही वायू भरणे तर जिवावरचे काम आहे. कारण कूलिंग कॉइल माणसे बसतात त्या जागेतच असते.

हे काम स्वतः करून पाहण्याचे नाही. निसटणारा द्रव डोळ्यात किंवा त्वचेवर उडाला तर क्षणात हिमदाह होतो. पण गॅरेजमध्ये वडीलधाऱ्यांबरोबर गेलात तर तीन प्रश्न अवश्य विचारा : गळती कोठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ केला? गॅस किती ग्रॅम भरला? तिन्हींची नीट उत्तरे मिळाली, तर काम जाणत्या हातांत आहे असे समजा.

आणि तिथे उभे असताना एक गोष्ट नीट पाहा. बाटली सरळ उभी धरून तिच्यातून गॅस वाफेच्या रूपात मोटारीत जात असतो, तेव्हा ती बाटली गार पडते. कधी कधी तिच्या बाहेरच्या बाजूवर दवही जमते आणि गॅस जाण्याचा वेग हळूहळू मंदावतो. असे का होते? उत्तर या लेखात आहे. ते शोधून वर्गात शिक्षकांना सांगा.